चपट्या तोंडाच्या ठमीचं लाइफ जॅकेट

पग, फ्रेंच बुलडॉग, बोस्टन टेरियर, पेकिनीज अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यासाठी लाइफ जॅकेट घेणार असाल, तर रंग आणि नक्षी नंतर बघा. आधी तीन गोष्टी बघा. हनुवटीखाली फोमचा तुकडा आहे का, पोटाखालून जाणारा भाग चांगला रुंद आहे का, आणि पाठीवरचं हँडल कुत्र्याचं सगळं वजन पेलेल असं शिवलंय का. आमच्या ठमीला आणलेल्या जॅकेटमध्ये या तिन्ही गोष्टी आहेत. ते भरपूर वापरून झालंय, म्हणून आता सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच बनावटीची जॅकेटं बऱ्याच कंपन्या काढतात आणि नावापेक्षा बनावट बघून घेतलेलं बरं.

मी पोहायला शिकवते. लहान मुलांना, आणि पाण्याची धास्ती घेतलेल्या मोठ्या माणसांनाही. ठमी ही आमची पग, वय चार वर्षं, वजन ७.८ किलो. तिला पोहण्यात पटाईत करायचं असं काही माझ्या मनात नव्हतं. आम्ही सगळे सतत पाण्याच्या आसपास असतो आणि ती पायात पायात असते. चुकून पाण्यात पडली तर तिला तरंगता यावं आणि बाहेरची वाट सापडावी, एवढंच हवं होतं.

पगला पाण्यात नेमकी अडचण काय येते, ते कळल्याशिवाय जॅकेटची पारख करता येत नाही. लांब तोंडाच्या कुत्र्याच्या नाकपुड्या पुढे, तोंडाच्या टोकाला असतात. त्याने मान जराशी उचलली तरी नाक पाण्याबाहेर राहतं आणि पाठ आडवी राहते. पगचं नाक जवळजवळ डोळ्यांच्या रांगेत. ते पाण्यावर ठेवायचं तर त्याला तोंड आभाळाकडे करावं लागतं. डोकं मागे गेलं की कंबर खाली जाते. त्यात छाती जड आणि पाय आखूड. मग कुत्रं पाण्यात उभं होतं आणि पुढचे पाय पाणी मागे ढकलायचं सोडून वरच्यावर थापा मारत बसतात. पुढे सरकणं होत नाही, नाकातोंडात पाणी मात्र जातं. घाबरलेला माणूस अगदी असाच बुडतो, उभा राहून, हात वर मारत. हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की ठमीला पहिल्यांदा पोटाखाली हात धरून पाण्यात घेतलं, तेव्हा हात नुसता सैल केल्याबरोबर तिची कंबर खाली निघालेली मला लगेच जाणवली.

दुसरी अडचण श्वासाची. या जातींच्या नाकपुड्या अरुंद असतात, टाळूचा मागचा मऊ पडदा घशाच्या मानाने लांब असतो आणि काहींची श्वासनलिकाही बारीक असते. कुत्रं दमलं की हवा जोरात ओढतं, त्या ओढीने घशाचं अस्तर सुजतं, आणि आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. त्याचं शरीर थंड होतं ते मुख्यतः धापा टाकून, आणि पगची तीच यंत्रणा कच्ची. पाण्यात आहे म्हणजे तापणार नाही, असं बरेच जण धरून चालतात. कोमट पाण्यात जीव तोडून पाय मारणारा पग चांगलाच तापू शकतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं तर जिवाशी गाठ असते.

म्हणून जॅकेटच्याही आधी डॉक्टर. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनचा केनेल क्लब यांनी २०१९ मध्ये पग, फ्रेंच बुलडॉग आणि बुलडॉगसाठी श्वसनाची एक तपासणी सुरू केली. तीत कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात, त्याच्या आधी आणि नंतर स्टेथोस्कोपने गळ्याजवळचा आवाज ऐकतात आणि ० ते ३ अशी श्रेणी देतात. आमच्या डॉक्टरांनी याच धर्तीवर ठमीला पळवून पाहिलं आणि त्रास सौम्य आहे, थोडं थोडं पाण्यात न्यायला हरकत नाही, असं सांगितलं. सोबत वजन उतरवायलाही सांगितलं, कारण चरबी गळ्याभोवतीही साठते. तुमचं कुत्रं झोपेत घोरताना मधेच श्वास अडकून दचकून उठत असेल, थोडं चालून बसकण मारत असेल किंवा खाल्लेलं वरचेवर तोंडाशी येत असेल, तर जॅकेट मागवण्याआधी डॉक्टरांकडे जा. त्यांनी नको म्हटलं तर विषय तिथेच संपला. कोणतंही जॅकेट घशातली वाट मोकळी करत नाही.

आता जॅकेटकडे वळते.

मापाचा घोळ बहुतेकांचा होतो. पाकिटावरचा तक्ता वजनावर बेतलेला असतो, आणि त्याप्रमाणे ठमीला स्मॉल यायला हवं होतं. पण तिच्या छातीचा घेर ५४ सेंटिमीटर आहे, आणि स्मॉलचा पट्टा तिथे पुरतच नाही. पगची छाती पिंपासारखी गोल असते. त्यामुळे पुढच्या पायांच्या लगेच मागे, जिथे घेर सगळ्यात जास्त भरतो तिथे टेप लावा आणि त्या आकड्यावर जॅकेट घ्या. आम्ही मीडियम घेतलं. ते लांबीला थोडं जास्त आहे, तिची गुंडाळलेली शेपटी मागच्या काठावर येऊन टेकते. चालताना तिला त्याने अडचण होत नाही, म्हणून मी ते तसंच ठेवलं. पट्टे आवळल्यावर खालून दोन बोटं जातील एवढीच ढील ठेवायची. पगची मान आणि डोकं जवळजवळ एकाच जाडीचं असल्याने सैल जॅकेट पाण्यात पुढे सरकून डोक्यावरून निघू शकतं. गळ्यातला पट्टा मी पाण्याजवळ काढूनच ठेवते. तो कशात अडकला तर गळा दाबला जातो, आणि या जातींचे डोळे मुळातच बाहेर असतात, गळ्यावरचा ताण त्यांना सोसत नाही.

हँडल हा या जॅकेटचा सगळ्यात चांगला भाग आहे. रुंद, मऊ कापडाने मढवलेलं, ओल्या हातात घसरत नाही, आणि त्याचे दोन्ही टोकांचे पट्टे कापडावर नुसते टाचलेले नसून थेट पोटाखालच्या पट्ट्यांपर्यंत नेलेले आहेत. हे उलटवून बघा. पट्टे वरच्यावर शिवले असतील तर जॅकेट परत करा. जमिनीवर परीक्षा अशी करायची: एक हात पोटाखाली तयार ठेवायचा आणि हँडल धरून कुत्र्याला अगदी अलगद, क्षणभर उचलायचं. पाठ आडवी राहिली पाहिजे, काखेत पट्टा रुतता कामा नये, आणि तो गळ्याकडे सरकता कामा नये. आमच्या जॅकेटचा पोटाखालचा भाग पुढच्या पायांपासून जवळजवळ कमरेपर्यंत आहे, त्यामुळे वजन सगळीकडे वाटलं जातं. नुसते दोन अरुंद पट्टे असलेलं एक जॅकेट मी दुकानात हातात घेऊन पाहिलं होतं. त्यात सगळा भार बरगड्यांवर आला असता, आणि ज्या कुत्र्याला श्वासच पुरत नाही त्याच्या बरगड्या आवळून कसं चालेल?

हनुवटीखालच्या तुकड्याबद्दल मात्र नीट सांगायला हवं. तो छातीपासून पुढे येतो आणि डोक्याला खालून आधार देतो, म्हणजे नाक वर ठेवायला मान मागे टाकावी लागत नाही. कल्पना उत्तम आहे. पण बहुतेक तुकडे लांब मानेच्या कुत्र्याचा अंदाज घेऊन बेतलेले दिसतात. पगची मान आखूड, त्यामुळे कारखान्यातून आला त्या जागी आमचा तुकडा जबड्याखाली न बसता थेट गळ्यावर बसत होता. जॅकेट घालून ठमीला खोलीत उभं केलं आणि तिचा घुरघुर आवाज वाढला, तेव्हाच मी वाकून बघितलं. सुदैवाने या तुकड्याला वेलक्रोच्या दोन जागा आहेत. पुढच्या जागी लावल्यावर तो जबड्याच्या हाडाखाली आला आणि आवाज नेहमीसारखा झाला. विकत घेताना ही हलवायची सोय आहे का ते बघाच. तुकडा एकाच जागी पक्का शिवलेला असेल आणि तो तुमच्या कुत्र्याच्या गळ्यावर येत असेल, तर ते जॅकेट तुमच्या कामाचं नाही.

पाण्यात फरक काय पडला? एका गोष्टीवरून मी जोखते: पाठीचा कोन. जॅकेटशिवाय ठमी पाण्यात तिरपी, जवळजवळ उभी होत होती. जॅकेट घालून माझा हात पोटाखाली असतानाच कंबर आपोआप वर आली, हाताला भारच लागेना. पुढचे पाय पाण्याच्या आत राहून मागे ढकलू लागले. चुळूकचुळूक थापांचा आवाज बंद झाला आणि तिचा श्वास ऐकू यायला लागला, जरा खरखरीत पण एका लयीत. पाणी तिच्या जबड्याखाली होतं, नाकपुड्यांपासून चांगलं तीन बोटं दूर. मला जॅकेटकडून हवं होतं ते हेच.

तरीही जॅकेट म्हणजे पोहणं नव्हे. पाकिटावर लिहिलंय की हे घातल्यावर कोणतंही कुत्रं आत्मविश्वासाने पोहेल. हे वाक्य मला मुळीच मान्य नाही. जॅकेट तरंगवतं. वाट शोधायला, शांत राहायला आणि थांबायला आपणच शिकवायचं असतं. आणखी एक गोष्ट, अमेरिकेचं तटरक्षक दल माणसांच्या लाइफ जॅकेटांना मान्यता देतं, कुत्र्यांच्या जॅकेटांना तशी मान्यता नसते. म्हणजे 'प्रमाणित' वगैरे शब्द दिसले तरी परीक्षा शेवटी आपल्यालाच करायची आहे.

शिकवण्याचा क्रम मी मुलांसाठी वापरते तोच ठेवला, फक्त फार सावकाश. मुलांना मी आधी काठ धरायला शिकवते, हातपाय नंतर. ठमीलाही आधी बाहेर यायला शिकवलं. घरात जॅकेट घालून नुसतं वावरणं, मग तलावाच्या पायऱ्यांवर पाय भिजवणं, मग पोट टेकेल एवढं पाणी. पायरीच्या कडेला मी एक भडक रंगाची, न घसरणारी चटई बांधून ठेवली. ती खूण तिने लवकर ओळखली. नंतर तिला पायऱ्यांकडे तोंड करून हात-दोन हात अंतरावर धरायचं, एक हात हँडलवर, एक पोटाखाली, आणि "चल, पायरी" म्हणायचं. ती पायरीवर पोचली की बाहेर, अंग झटकणं, कौतुक. हळूहळू तोंड दुसरीकडे वळवून सोडलं, तरी ती वळून पायरीच शोधते. तलावात पडलेली कुत्री बऱ्याचदा पोहता येत नाही म्हणून बुडत नाहीत. सरळ भिंतीवर पंजे मारत राहतात, बाहेरची वाट सापडत नाही, आणि दमून बुडतात. म्हणून शिकवण्याचा निम्म्याहून जास्त वेळ मी या एका गोष्टीवर घालवला, आणि तुम्हीही घालवा.

कुत्र्याला पाण्यात ढकलणं किंवा 'टाकलं की येतं' म्हणून सोडून देणं, हे मी माणसांच्या बाबतीतही करू देत नाही. पगच्या बाबतीत तर तो सरळ क्रूरपणा आहे. पहिल्याच झटक्यात घोटभर पाणी श्वासनलिकेत गेलं, तर फुप्फुसात संसर्ग होऊ शकतो.

चेंडूचा मोहही टाळा. तोंडात चेंडू धरून पोहणाऱ्या कुत्र्याचा जबडा उघडा राहतो, पाणी आत जात राहतं, आणि पगला तोंडाने श्वास घ्यायची जी एक मोकळी वाट असते तीच चेंडू अडवतो. भरमसाट गोडं पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. पोट फुगणं, उलटी, लाळ गळणं, झोकांड्या जाणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं ही त्याची लक्षणं. असं दिसलं तर घरी वाट बघत बसू नका, तडक दवाखान्यात न्या. खाऱ्या पाण्यात उलट सोडियम वाढतं, तेही तितकंच वाईट. ठमीला मी चेंडूऐवजी माझ्या आवाजावर बोलावते. खाऊ देते तो बाहेर आल्यावर, धाप पूर्ण बसल्यावर. आणि पाण्यात नेण्याआधी दोन-तीन तास पोटात काही घालत नाही, कारण या जातींच्या कुत्र्यांचं खाल्लेलं सहज वर येतं.

एका वेळी एक-दोन मिनिटं, मग बाहेर. बाहेर आलं की जॅकेट लगेच काढा. ही या जॅकेटची खरी उणी बाजू आहे: जाड फोम अंगाची उष्णता धरून ठेवतो. पाण्याबाहेर दहा मिनिटं तसंच ठेवलं तर ठमीची धाप वाढते, सावलीतसुद्धा. उन्हात तर ते अंगावर ठेवूच नका. मी जिभेकडे लक्ष ठेवते. जीभ लांब बाहेर येऊन टोकाशी पसरट झाली, श्वासाचा आवाज घुरघुरण्यावरून शिट्टीसारखा बारीक झाला, किंवा हाक मारल्यावर तिने माझ्याकडे बघितलं नाही, की त्या दिवसाचं पोहणं संपलं. हिरड्या निळसर किंवा करड्या दिसल्या तर तो डॉक्टरांकडे धावायचा प्रसंग. तापलेल्या कुत्र्यावर थंड पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा आणि मग न्यायचं. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो आतली उष्णता कोंडतो.

जॅकेटच्या बाकीच्या तक्रारी किरकोळ, पण आहेत. पट्ट्यांची टोकं नको इतकी लांब आहेत. ती पाण्यात तरंगतात आणि पुढच्या पायात येतात. मी प्रत्येक पट्ट्यावर रबरी इलॅस्टिकची छोटी कडी ओवून टोक त्यात खोचते. काम दोन मिनिटांचं, पण ते कंपनीनेच करून द्यायला हवं होतं. पगचे केस बारोमास गळतात आणि वेलक्रोत जाऊन बसतात. दर वेळी जुन्या टूथब्रशने साफ केलं नाही तर पकड जाते, आणि वेलक्रोवरच हनुवटीचा तुकडा अवलंबून आहे. आतलं अस्तर सावकाश वाळतं. ओलं जॅकेट पुन्हा घातलं तर काखेत घासून लाल होतं, म्हणून एका दिवसात दोनदा वापरायचं असेल तर हे जॅकेट गैरसोयीचं. रंगाला मात्र पैकीच्या पैकी गुण. झगझगीत नारिंगी, वर उजेड परतवणाऱ्या पट्ट्या, लाटांतही चटकन नजरेत भरतो. पाठीवर दोरी अडकवायला धातूची कडी आहे. तिला मी आखूड दोरी लावते आणि टोक हातात ठेवते. लांब दोरी पायांत गुंतते.

पोहून झाल्यावरची कामं जॅकेटच्या परीक्षणात बसत नाहीत, पण सोडवत नाही. अंगावरचं क्लोरीनचं किंवा खारं पाणी साध्या पाण्याने धुवा. नाकावरच्या घड्या सुती मऊ कापडाने आतपर्यंत कोरड्या करा, तिथे ओल राहिली की वास येतो आणि कातडी सोलवटते. शेपटीच्या वळणाखालीही बघा. कान पुसा. डोळा मिचकावत असेल किंवा लाल राहिला असेल तर डॉक्टरांना दाखवा, या कुत्र्यांच्या बुबुळांना फार लवकर इजा होते. आणि पुढचा दिवसभर खोकला, भराभर श्वास, सुस्ती यांवर लक्ष ठेवा. फुप्फुसात पाणी गेल्याचा त्रास कधीकधी काही तासांनी दिसतो. साचलेल्या पाण्यावर हिरवट-निळी साय दिसली तर त्यात कुत्र्याला उतरवूच नका. त्या शेवाळातलं विष घोटभर पाण्यातूनही जीव घेऊ शकतं.

घ्यावं का? डॉक्टरांची परवानगी असेल, तुमचा पग पाण्याच्या आसपास वावरत असेल, आणि तो पाण्यात असताना तुम्ही हाताच्या अंतरावर राहणार असाल, तर जरूर घ्या. मी पुन्हा हेच घेईन. कुत्र्याला काठावर जॅकेट घालून सोडून द्यायचं आणि आपण गप्पा मारत बसायचं असा बेत असेल, तर घेऊ नका. पाण्याला आधीच घाबरणाऱ्या आणि पाय भिजवायलाही तयार नसलेल्या कुत्र्यासाठीही घेऊ नका, त्याला पोहायला यायलाच हवं असं काही नाही.

घेतलंत तर दर वेळी पाण्यात उतरण्याआधी हँडलची शिवण दोन्ही बाजूंनी ओढून बघा. आमच्या जॅकेटचा फोम अजून नव्यासारखा आहे, पण हँडलच्या डाव्या टोकाचे दोन-चार टाके सुटायला लागले होते. मी ते जाड नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवून घेतले. तेच पुन्हा उसवले तर फोम कितीही चांगला असो, जॅकेट बदलणार आहे.